नंदूचं यान आणि आबाजींची काठी

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते आणि खरं सांगायचं तर वाचताना मनातल्या मनात लाल पेन फिरवत असते. इथे वारा असेल, इथे मांजर असेल, इथे लिहिणाऱ्याला डुलकी लागली असेल... असं. माझी सगळी नोकरी शाळेत फिजिक्स शिकवण्यात गेली, त्यामुळे सवयच लागली आहे. अमावास्या, पिंपळ, पांढरी साडी वगैरेंशी माझं कधी जमलं नाही. आमच्या घरात दृष्टसुद्धा काढत नसत.

पण एक प्रसंग असा आहे की तिथे माझं पेन अडतं. त्यात भूत नाही, आधीच सांगते, म्हणजे निराशा नको. त्यात माझी धाकटी बहीण आहे.

आम्ही भोपाळला राहायचो, पिपलानीत, कारखान्याच्या टाउनशिपमध्ये. बाबा पुण्याहून नोकरीसाठी तिकडे गेले आणि तिथलेच झाले. ज्यांनी असली टाउनशिप पाहिली नाही त्यांना एक गोष्ट समजावून सांगावी लागेल, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. तिथली सगळी क्वार्टर्स एकसारखी. तोच पिवळा रंग, तेच हिरवं दार, तीच व्हरांड्याची जाळी, प्रत्येक अंगणात तेच पेरूचं झाड. ओळींमागून ओळी. नवा माणूस काही दिवस तरी हमखास दुसऱ्याच्या दाराला किल्ली लावायचा. आमचे बाबा एकदा सेकंड शिफ्ट करून आले आणि थेट मागच्या ओळीतल्या नायर अंकलच्या पलंगावर बसून बूट काढायला लागले. नायर आंटींनी आधी पाणी दिलं, मग सांगितलं. यात कुणाला काही वाटायचं नाही. चुकून घरात आलेल्या माणसाला चहा पाजून परत पाठवायचं, ही तिथली रीतच होती.

या रीतीवर सगळ्यात जास्त हक्क होता वानखडे आबाजींचा.

वानखडे काका बाबांच्याच कारखान्यात होते आणि चार घरं सोडून राहायचे. आबाजी म्हणजे त्यांचे वडील. अमरावतीकडचे, आयुष्यभर शेती केलेले. आबाजींची बायको गेल्यावर काकांनी त्यांना भोपाळला आणलं, आणि इथे आल्यापासून त्यांचा विसरभोळेपणा वाढत गेला. संध्याकाळी फेरी मारायला निघायचे आणि परतताना भलत्याच घरात शिरायचे. शिरताना मात्र उंबऱ्यावर काठी वाजवायचे. टक-टक... आणि जरा थांबून, टक. शेतावरून घरी आलं की अशी काठी वाजवायची, म्हणजे चुलीपाशी बसलेल्या बायकोला कळायचं की हेच आले, दुसरं कुणी नाही. बायको गेली, शेत सुटलं, पण ती खूण हातात राहिली.

आमच्याकडे आले की खुर्चीत बसून म्हणायचे, "सूनबाई, चहा मांड वं."

आई चहा मांडायची. कप हातात देऊन म्हणायची, "आबाजी, आज आमच्याकडे आलात होय? बरं केलंत." त्यांना कधीच ओशाळं वाटू द्यायची नाही.

आता नंदू.

नंदू तेव्हा आठ वर्षांची. आदल्या वर्षी स्कायलॅब, म्हणजे अमेरिकेची अंतराळातली प्रयोगशाळा, पडणार म्हणून सगळ्या देशाचा जीव टांगणीला लागला होता, ते जुन्या लोकांना आठवत असेल. आमच्या ओळीतल्या मिश्रा आंटींनी पाठ बसवला होता, तर कुणी सांगत होतं की आता साजूक तूप जपून ठेवण्यात अर्थ नाही. मग ती पडली लांब समुद्रात आणि ऑस्ट्रेलियाकडे, आणि लोक विसरले. नंदू विसरली नाही. पुढच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत एक दिवस जेवताना तिने बाबांना विचारलं, "बाबा, तिचे सगळे तुकडे सापडले का?"

"सगळे कसे सापडतील?"

"मग कुणी मोजले का, किती सापडले नि किती राहिले?"

"नसतील मोजले."

"मग एखादा आपल्याकडे पडला नाही, असं कसं म्हणता तुम्ही?"

बाबा कारखान्यात तपासणी विभागात होते. पुराव्याशिवाय माल पास करायचा नाही, हा त्यांचा बाणा. "तसं खात्रीने नाही म्हणता येणार," त्यांनी कबूल केलं. मी तेव्हा तेरा वर्षांची, स्वतःला फार शहाणी समजणारी. या पोरीचं मला तेव्हापासून कौतुक वाटत आलं आहे, फक्त तेव्हा मी ते बोलून दाखवत नव्हते.

शोध कसा घ्यायचा तेही तिने बाबांकडूनच उचललं. कारखान्यात ओतकामाचे मोठे भाग तयार होऊन आले की बाबा छोट्या हातोडीने ठोकून ऐकायचे. खणखणीत आवाज आला तर माल चांगला. बद्द आवाज आला तर आत कुठेतरी चीर किंवा माती. नंदूचं म्हणणं असं की यान धातूचं असणार, जमिनीत रुतलेलं असणार, तेव्हा आपण ठोकत जायचं, जिथे जमीन खणखणेल तिथे खणायचं. घरातली नारळ फोडायची हातोडी तिने ताब्यात घेतली. पिपलानी संपली की पुढे रायसेन रोडला आनंद नगरकडे तेव्हा नुसता माळ होता. लाल दगड, बोरीची झुडपं, पळस. ऊन उतरलं की ती रोज तिकडे निघायची, गळ्यात प्लास्टिकची वॉटरबॅग, हातात हातोडी. "एकटी नको जाऊ," म्हणून आई माझी रवानगी करायची तिच्याबरोबर. मी एखादं पुस्तक घेऊन पळसाखाली बसायचे आणि ही दगड बडवत हिंडायची.

कॉलनीत तिची थट्टा व्हायची. "क्यों नंदू, मिला तुम्हारा रॉकेट?" असं येता-जाता सगळे विचारायचे. ती शांतपणे सांगायची, "रॉकेट नहीं है अंकल, यान है. अभी नहीं मिला."

थट्टा केली नाही ती एकट्या आबाजींनी. एकदा ते आमच्या खुर्चीत बसले होते आणि त्यांनी विचारलं, "काय शोधून राह्यली वं पोरी रोज रोज?"

नंदूने सगळं सांगितलं. यान वर फिरत होतं, मग भरकटलं, मग पडलं, कुणाला सापडलं नाही. आबाजींनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वाट चुकलं असंल बिचारं. वरून पाह्यलं तं सारी घरं सारखीच दिसत असतील. कोन्तं आपलं, त्याले कसं समजावं?"

तोपर्यंत नंदूला यान शोधून काढून पेपरात फोटो छापून आणायचा होता. त्या दिवसानंतर ती बोलायचीच वेगळं. "ताई, ते घाबरलं असेल गं," म्हणायची. "सापडलं की आधी सांगायचं त्याला, घर कुठे आहे ते." आठ वर्षांच्या मुलीने वाट चुकलेल्या यंत्राची काळजी करावी! मी पुस्तकाआडून हसायचे, पण ऐकायचेही.

तर तो दिवस.

मे महिन्याची दुपार. भोपाळची लू, तो भाजून काढणारा वारा, ज्यांनी खाल्ला आहे त्यांना जास्त सांगायला नको. खिडक्यांना वाळ्याचे पडदे, कूलरची घरघर, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. दुपारी वानखडे काकूंना जाग आली तेव्हा आबाजी खाटेवर नव्हते. काकू घाबरल्या नाहीत. कशाला घाबरतील? कुणाच्या तरी घरी बसून चहा पीत असतील. त्यांनी आमच्या आईला जाळीतून विचारलं, "भाभी, आबाजी आले का तुमच्याकडे?" आई म्हणाली, नाही, नायरांकडे असतील. नायर आंटींना वाटलं, समोरच्या ओळीत असतील. तेवढ्यात समोरच्या सक्सेना आंटी म्हणाल्या, "दादाजी की छड़ी तो मिश्रा जी के बरामदे में रखी है. वहीं बैठे होंगे."

काठी खरंच मिश्रांच्या व्हरांड्यात, दाराला टेकवलेली लांबून दिसत होती; जवळ जाऊन कुणी पाहिलं नाही. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. काठी तिथे म्हणजे आबाजी तिथे. मिश्रा मंडळी सकाळीच लग्नाला जबलपूरला गेली होती आणि घराला कुलूप होतं, हे त्या ओळीत कुणालाच माहीत नव्हतं. प्रत्येक घराला खात्री होती की आबाजी दुसऱ्या घरात आहेत. ही चूक फक्त आमच्याच कॉलनीत होऊ शकत होती... इतक्या मायेच्या शेजारात राहणाऱ्या लोकांच्याच हातून.

यातलं काहीही आम्हा दोघींना ठाऊक नव्हतं. हे मी ठासून सांगते, कारण माझं पेन पहिल्यांदा इथेच फिरलं होतं. आम्ही मागच्या खोलीत गाढ झोपलो होतो. उठलो, पन्हं प्यालो आणि नेहमीसारख्या मागच्या दाराने माळावर गेलो. आबाजी घरात नाहीत हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

माळावर एक जुना लोखंडी पाइप होता. कॉलनी बांधत होते तेव्हा पाण्यासाठी टाकलेला आणि नंतर सोडून दिलेला. अर्धा जमिनीत, अर्धा वर. नंदूने जाता जाता त्यावर सहज हातोडी मारली. सारख्या अंतराने तीन ठोके, ती नेहमी मारायची तसे. ठण, ठण, ठण.

आणि पाइपातून उत्तर आलं.

टक-टक... टक.

मी पळसाखाली बसले होते, पुस्तकातून डोकं वर काढलं. पहिला विचार, प्रतिध्वनी. पण प्रतिध्वनी जसा ठोका तसाच येतो. हे ठोके वेगळे होते. दुसरा विचार, पलीकडे कुणीतरी पाइपावर दगड मारतंय. नंदूने पुन्हा तीन सारखे ठोके मारले. पुन्हा तेच आलं, दोन लागोपाठ, मग थांबून एक. अगदी खणखणीत.

नंदूने तापलेल्या पाइपाला कान लावला. चटका बसला असणार, पण तिने कान काढला नाही.

"ताई, हे आबाजी आहेत."

"वेडी आहेस का? आबाजी घरी झोपलेत."

"आबाजीच आहेत. ते घरात शिरताना वाजवतात तसं आहे." आणि ती निघालीच. पाइपाच्या कडेकडेने, मध्येच ठोका मारायची, उत्तर ऐकायची, पुढे जायची. मी मागे. दर वेळी उत्तर आलं. मी सांगते आहे, मी माझ्या कानांनी ऐकलं. तेव्हा मला भीती वाटली नाही, उलट कुणीतरी हाक मारतंय आणि आपण जातोय इतकं ते साधं वाटत होतं.

पुढे एक कोरडा नाला होता. पाइप तिथे संपला. लोखंडासाठी कुणीतरी पुढचा भाग कधीच कापून नेला होता. पलीकडच्या काठावर पाइप नव्हता, माणूस नव्हता, काहीच नव्हतं. मी म्हटलं, "चल आता घरी." नंदू क्षणभर थांबली. मग नाल्यात उतरली, तिथल्या एका लाल दगडावर तिने हातोडी मारली आणि वाट बघत उभी राहिली.

उत्तर आलं. या वेळी कानाला कमी आणि तळपायांना जास्त. चपलांच्या खालून, जमिनीतून. टक-टक... टक.

नाल्याच्या पलीकडे मुरमाची एक जुनी खदान होती, रस्त्यासाठी खणलेली. आम्ही काठावर पोचलो आणि खाली आबाजी दिसले. भिंतीला पाठ टेकून बसले होते, मान छातीवर पडलेली, ओठ पांढरे, पायात काही नाही. दोन्ही हात मांडीवर उताणे पडलेले होते. हातात काठी नव्हती. जवळ दगड नव्हता, लोखंडाचा तुकडा नव्हता. नुसता भुसभुशीत मुरूम.

मला रडू फुटलं. नंदू मात्र घसरत खाली गेली आणि वॉटरबॅगचं झाकण उघडून थेंब थेंब पाणी त्यांच्या ओठांवर सोडू लागली. उरलेलं डोक्यावर ओतलं. मग वर बघून मला ओरडली, "ताई, उभी काय राहिलीस? पळ!" मी पळाले. रायसेन रोडवर कारखान्यातून सुटलेली माणसं सायकलींवरून आनंद नगरकडे चालली होती, त्यांना हाका मारल्या. खाटेवर घालून आबाजींना कॉलनीच्या हॉस्पिटलात नेलं. तोवर इकडे वानखडे काका कामावरून आले होते, मिश्रांच्या दाराचं कुलूप दिसलं होतं आणि सगळी कॉलनी रस्त्यावर आली होती. काकूंची अवस्था बघवत नव्हती. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा वेळ उन्हात राहिले असते तर हाती लागले नसते.

त्या रात्री काकू आमच्याकडे आल्या आणि नंदूला किती तरी वेळ मांडीवर घेऊन बसल्या.

बाबांचा स्वभाव मी सांगितलाच आहे. रविवारी त्यांनी कारखान्यातली आपली तपासणीची हातोडी घेतली आणि मला बरोबर घेऊन माळावर गेले. नंदूने जिथे पहिला ठोका मारला होता तिथे ठोकलं. बद्द. पुढे ठोकलं. बद्द. नाल्यापर्यंत ठोकत गेलो, एकदाही पाइप वाजला नाही. कापलेल्या तोंडापाशी बाबा वाकले, आत एक वाळकी फांदी घातली. पाइप चिखल आणि मातीने गच्च भरून वाळला होता, किती पावसाळ्यांचा कोण जाणे. मातीने भरलेला घडा वाजवून बघा, तसा त्याचा आवाज.

"हा वाजूच शकत नाही," बाबा म्हणाले.

"पण बाबा, मी ऐकलं. खणखणीत ऐकलं."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खोटं बोलत नाही हे त्यांना माहीत होतं. हातातली हातोडी त्यांनी पुन्हा एकदा पाइपावर हळूच मारली, कान देऊन उभे राहिले आणि मग म्हणाले, "चल, ऊन फार झालं." त्या विषयावर ते आयुष्यात पुन्हा बोलले नाहीत. माल नापासही केला नाही त्यांनी, पासही केला नाही.

आबाजी हळूहळू बरे झाले. घरी आल्यावर आम्ही दोघी त्यांना भेटायला गेलो. त्या दिवशी त्यांचं डोकं स्वच्छ होतं, असे दिवस मधूनमधून यायचे. त्यांनी नंदूला जवळ बोलावलं.

"तुहा हातोडा आयकू येत होता मले," ते म्हणाले. "ठण, ठण, ठण. म्हटलं, पोरगी आपल्यालेच शोधून राह्यली."

"मग तुम्ही उत्तर दिलंत ना?" नंदूने विचारलं.

"द्या तं लागंल ना! पन काठी नव्हती हाती." ते आपल्या रिकाम्या तळहाताकडे बघत राहिले. "मंग मनातच वाजवली."

वानखडे काकू चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी ट्रे खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. नंदूला मात्र यात नवल वाटण्यासारखं काही दिसलं नाही. तिने मान डोलावली, एखादी गोष्ट अपेक्षेप्रमाणे जुळली की डोलावतात तशी.

धातूतून आवाज हवेपेक्षा कितीतरी वेगाने जातो, हे मी पुढे शेकडो मुलांना शिकवलं. दर वर्षी तो धडा आला की फळ्यावर पाइप काढायचे आणि माझा हात क्षणभर थांबायचा. मातीने गच्च भरलेल्या, नाल्यापाशी तुटलेल्या पाइपातून एका म्हाताऱ्याच्या मनातला आवाज कसा गेला, याचं समीकरण मला कुठल्याही पुस्तकात मिळालं नाही. दोघींना एकदम भास झाला म्हणावं, तर भासाने आम्हाला बरोबर खदानीवर कसं नेलं? चालायला काठी लागणारे आबाजी काठीशिवाय तो नाला ओलांडून गेले कसे, तेही कळलं नाही. तुमच्यापैकी कुणाला काही लॉजिकल वाटलं तर जरूर लिहा. मी मनापासून वाचेन, लाल पेन बाजूला ठेवून.

एक सांगायचं राहिलं. आबाजींना भेटून आलो त्या संध्याकाळी ऊन उतरलं, आईने वॉटरबॅग भरून ठेवली, पण नंदू उठेना. हातोडी तिने स्वयंपाकघरात, नारळाच्या टोपलीत परत ठेवून दिली होती. अजून अर्धी सुट्टी बाकी होती.

मी विचारलं, "का गं? आज यान नाही शोधायचं?"

ती अंगणात पेरूखाली बसली होती. चार घरं पलीकडे वानखड्यांच्या व्हरांड्यात आबाजी खुर्चीत बसलेले इथून दिसत होते. तिने तिकडे बघितलं आणि मला समजावून सांगितलं, जणू मीच धाकटी आहे.

"ताई, ते पोचलं ना घरी."